राग आजाराचा की माझा?

या वेळी व्यक्तिमत्त्व विकारांविषयीची तीन पत्रं घेतली आहेत. पहिलं बरंच लांब होतं, थोडं कापून देते. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी फाइलवर ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ लिहिलं. तेव्हापासून मी जरा आवाज चढवला की घरचे विचारतात, ‘गोळी घेतलीस का?’ परवा ताईने माझी डायरी वाचली आणि त्यातलं मावशीला फोनवर सांगितलं. मी खूप ओरडले, तिचा मोबाइल भिंतीवर फेकला. आई म्हणाली, ‘बघ, हाच तुझा आजार.’ डायरीचा विषय तिथेच संपला! मावशीच्या मते ही सगळी नाटकं. नेटवर पाहावं तर ‘अशा मुलींपासून लांब राहा’. माझ्या जवळच्या मैत्रिणीला सांगू का? आणि मी आयुष्यभर अशीच राहणार का?

उत्तर : आधी डायरीचं बोलू, कारण तुझ्या घरात ते कुणी बोललेलं दिसत नाही. दुसऱ्याची डायरी वाचणं चूक आणि त्यातलं तिसऱ्याला सांगणं त्याहून चूक. तुझ्या आईची खासगी वही कुणी नातेवाइकांना वाचून दाखवली असती, तर त्याही गप्प बसल्या नसत्या. मोबाइल फेकलास तो मात्र तुझ्या खात्यात. त्याची भरपाई तू करायचीस आणि माफीही मागायचीस, ताईने डायरीबद्दल मागितली नाही तरी.

राग का आला आणि किती आला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बीपीडीमध्ये, म्हणजे तुझ्या फाइलवरच्या त्या बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात, भावना पटकन भडकते, मोठी होते आणि निवळायला वेळ घेते. म्हणजे परवाच्या प्रसंगात आजाराचा हात होता तो ‘किती’मध्ये. ‘का’चं उत्तर ताईकडे आहे. घरातले नेमकी इथेच गल्लत करतात. निदान हातात आलं की मुलीच्या प्रत्येक तक्रारीवर तेच उत्तर, मग तक्रार ऐकायची गरजच उरत नाही. या आजाराभोवतीच्या बदनामीत मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. ‘वेडी’ म्हणणारा निदान तोंडावर म्हणतो, इथे तर काळजीच्या सुरात तोंड बंद केलं जातं.

हेही खरं, की कधी कधी ‘का’सुद्धा चुकतं. मैत्रिणीने तासभर मेसेजला उत्तर दिलं नाही आणि ‘ती मला सोडून चालली’ अशी खात्री पटली, तर तिथे थांबून तपासायला हवं. ते तपासायचं कसं, हे शिकता येतं. मी किशोरांचा जो गट घेते, त्यात मुलं रोज एक कार्ड भरतात: राग, लाज, भीती, दुःख, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, आणि शेजारी त्या वेळी घडलं काय ते. आईवडीलही त्याच गटात बसतात, त्यांनाही गृहपाठ असतो. एक वडील लिहून आले, ‘ही नेहमीच आकांडतांडव करते.’ त्यांना म्हटलं, विशेषणं काढा, कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच ठेवा. पेन घेऊन बराच वेळ खाडाखोड चालली. शेवटी कागदावर राहिलं ते असं: ‘मंगळवारी रात्री तिने दार आपटलं. त्याआधी मी तिचं कपाट तपासलं होतं.’ दुसरं वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हतंच. तुझ्या आईला हा उतारा जरूर वाचायला दे.

आता मावशी. नाटक वाटणाऱ्या त्या एकट्या नाहीत, आमच्या व्यवसायातही हा रोग जुना आहे. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये लुइस आणि ॲपलबी या दोघांनी मानसोपचारतज्ज्ञांना रुग्णांची कागदी वर्णनं दिली. काही वर्णनांत ‘पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालं होतं’ एवढीच जादा माहिती होती. तेवढ्यावरून तो रुग्ण तज्ज्ञांना जास्त त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा वाटू लागला. शिकल्यासवरल्या डॉक्टरांची ही गत, तर मावशीचं मतपरिवर्तन हा या वर्षीचा कार्यक्रम नको. फोनवर तुझ्याविषयी काय सांगायचं आणि काय नाही, एवढं घरात ठरवून घे.

आयुष्यभराचं विचारलंस. मेरी झानारिनी या संशोधिकेने अमेरिकेत बीपीडीच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. हे सगळे प्रौढ होते आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलेले, म्हणजे सौम्य त्रासाचे नव्हेत. १० वर्षांत त्यांतल्या ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या निकषांखाली राहिली. नोकरी किंवा शिक्षण आणि नाती, दोन्ही बरी चाललीत असे मात्र निम्मेच होते. दोन्ही आकडे सांगते, कारण गोड तेवढंच सांगितलं तर तू पुढच्या वेळी माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस. म्हणून अभ्यास, छंद, मैत्री ‘बरी झाल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवू नकोस. ते उपचारांबरोबरच चालू राहू दे.

आणखी एक. या आजारासाठी वापरली जाणारी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे भावना हाताळायची कौशल्यं शिकवणारी उपचारपद्धती, मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी विकसित केली. त्या स्वतः १७ व्या वर्षी मनोरुग्णालयात दाखल होत्या, दोन वर्षांहून अधिक काळ. हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते २०११ मध्ये, जगभर नाव झाल्यानंतर. एवढ्या मोठ्या बाईला इतका वेळ लागला, तर मैत्रिणीला सांगताना तुझी जीभ अडखळली तर नवल नाही.

सांगायचं असेल तर भांडणाच्या रात्री नको आणि मेसेजवर तर नकोच, स्क्रीनशॉट कुठे जाईल सांगता येत नाही. समोरासमोर सांग. निदानाचं नाव आधी घ्यायलाच हवं असं नाही. ‘उत्तर यायला उशीर झाला की मला फार भीती वाटते, तेव्हा नंतर बोलते एवढं लिहिलंस तरी मला पुरतं,’ हे तिला कळेल आणि जमेलही. मात्र स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर ते ओझं तिच्यावर टाकू नकोस. त्याच दिवशी, त्याच तासाला एखाद्या मोठ्या माणसाला आणि डॉक्टरांना सांग.

गोळीचं राहिलं. खास बीपीडीसाठी म्हणून मान्य झालेलं औषध नाही, सोबतच्या नैराश्यासाठी वगैरे गोळ्या दिल्या जातात. तेव्हा ‘गोळी घेतलीस का’ने भांडण मिटणार नाही, हे आईला सांग. पण चालू गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्गातला एक १५ वर्षांचा मुलगा क्षणात चिडतो, हातावर जखमा करून घेतो. सहकारी म्हणतात, ‘सायकोपाथ आहे, लक्ष वेधून घ्यायला करतो, दुर्लक्ष करा.’ काय करू?

उत्तर : लक्ष वेधून घ्यायला करत असेल, तर लक्ष द्या की! जखमा दिसल्या त्या दिवशीच काउन्सेलर आणि घरचे यांना कळायला हवं. मुलाशी बाजूला घेऊन बोला, वर्गासमोर बाही वर करायला लावू नका. आणि सहकाऱ्यांना सांगा, ‘सायकोपाथ’ म्हणताना त्यांच्या मनात असतं त्याच्या जवळचं, म्हणजे समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान १८ वर्षांखाली मानसोपचारतज्ज्ञही करत नाहीत, शिक्षकांच्या खोलीत तर ते नकोच. शिस्त सोडा असं मी म्हणत नाही. नियम सगळ्यांना असतील तेच त्याला, फक्त जागा बदलायची असेल, गट बदलायचा असेल, तर त्याला आधी कल्पना द्या. पुढे काही निदान झालंच, तर ज्यांचं त्याच्याशी काम आहे अशा एकदोघांनाच ते माहीत असू दे.

प्रश्न : ऑनलाइन चाचणीत मी ८२ टक्के नार्सिसिस्ट निघालो. ब्रेकअपच्या वेळी तीही हेच म्हणाली होती. वय १६.

उत्तर : ‘नार्सिसिस्ट’ म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात गुंतलेला, आणि त्या नावाचाही एक व्यक्तिमत्त्व विकार आहे. पण असं टक्क्यांत निदान होत नाही. १८ वर्षांखालच्यांमध्ये तेच वागणं किमान वर्षभर आणि घर, शाळा, मैत्री अशा वेगवेगळ्या ठिकाणी दिसतंय का हे तज्ज्ञ बोलून पाहतात, एक चाचणी आणि एक ब्रेकअप त्याला पुरत नाहीत. वागण्याचा तुला स्वतःला त्रास होत असेल, मित्र टिकत नसतील, तर जरूर भेट घे. नाहीतर ती नेमकं कशावरून तसं म्हणाली ते आठव. तिची तक्रार रास्तही असू शकते, आणि तेवढ्यासाठी तुला आजार असावाच लागतो असं नाही.