‘मंथ्स माइंड’ला मराठीत काय म्हणायचं? मिस्सा, स्मरण आणि बलिदान

म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला मराठी दैनिकात सूचना द्यायची होती. इंग्रजी मजकुरात ‘मंथ्स माइंड मास’ होतं आणि कोकणीत ‘म्हयन्याचें मीस’, म्हणजे माणूस गेल्यावर महिन्याने त्याच्यासाठी चर्चमध्ये होणारा, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याचा कॅथलिक विधी. वाचकाने त्याचं ‘मासिक श्राद्ध’ केलं, ते घरच्यांना पटलं नाही. मग ‘मासिक स्मरणसभा’ केलं, तेही पटलं नाही. त्यातच एका निमंत्रणात त्याला ‘मिस्साबलिदान’ हा शब्द दिसला. त्यातलं बलिदान नक्की कुणाचं, हा त्याचा दुसरा प्रश्न.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘महिन्याचा मिस्सा’ असं लिहा. कोकणीत हेच म्हणतात आणि मराठीतही ते नीट बसतं. सातव्या दिवशीचा तो सातव्या दिवसाचा मिस्सा, वर्षाने होणारा तो वर्षाचा मिस्सा. तिसरा, सातवा आणि तिसावा दिवस ही जुन्या लॅटिन उपासनाविधीतलीच गणना आहे, त्यामुळे ‘तिसाव्या दिवसाचा’ म्हटलं तरी बिघडत नाही. फक्त ‘दशक्रिया’ किंवा ‘तेरावा’च्या साच्यात ते कोंबू नका.

भाषांतर करणाऱ्याला अडवतो तो ‘माइंड’. इथे त्याचा अर्थ मन नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आठवण असाही होता. ‘रिमाइंडर’ आपण रोज वापरतो, त्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणजे मंथ्स माइंड म्हणजे महिन्याची आठवण. ‘मासिक मनन’ असं छापून आलं तर दोष या एका शब्दाचा.

‘मास’ हे लिप्यंतर टाळा, कारण मराठीत मास म्हणजे महिना, आणि अनुस्वार चुकून पडला तर पंचाईतच. ‘मिसा’ही नको. कोकणीत ‘मीस’ला प्रत्यय लागला की ‘मिसाक’, ‘मिसाचें’ होतं, ते तिथे शोभतं. मराठी वाचकाला मात्र मिसा म्हटलं की आणीबाणी आणि स्थानबद्धता आठवते. तेव्हा ‘मिस्सा’, जोडाक्षरासकट. लिंगाबद्दल एकमत नाही. लॅटिन आणि पोर्तुगीजमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, कोकणीत मीस नपुंसकलिंगी. मराठीत आकारान्त म्हणून पुल्लिंगी धरणं मला सोयीचं वाटतं. सामान्यरूप मात्र ‘राजा’सारखं: मिस्साला, मिस्साचा. ‘मिश्श्याला’ नव्हे.

आता श्राद्ध का नको? घरच्यांना तो शब्द परधर्माचा म्हणून खटकला असेल, पण त्याहून खोल कारण विभक्तीत आहे. श्राद्धात पिंड पितरांना. घेणारे ते, तृप्ती त्यांची. मिस्सात अर्पण होतं ते देवाला. जे अर्पण होतं ते ख्रिस्ताचं. आणि ते ज्याच्यासाठी होतं तो मृत माणूस. ‘ला’, ‘चं’ आणि ‘साठी’ या तिन्हींत सगळं येतं, आणि सूचनेत चूक झाली की ती नेमकी इथेच होते. ‘दिवंगत अमुक यांना मिस्सा अर्पण’ हे वाक्य ‘यांना श्रद्धांजली अर्पण’च्या वळणावर आपोआप लिहिलं जातं. श्रद्धांजली मृताला वाहतात, मिस्सा मृताला वाहत नाहीत. ‘अमुक यांच्यासाठी’ हवं.

‘स्मरणसभा’ उलट्या बाजूने चुकते. सभेत लोक जमतात, गेलेल्याविषयी बोलतात, फोटोला हार घालतात. मिस्सात स्मरण आहे, पण पहिलं स्मरण गेलेल्या माणसाचं नाही. शेवटच्या भोजनात येशूने भाकर मोडून शिष्यांना दिली ते वाक्य मराठी बायबलात ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असं आहे, लूकच्या बाविसाव्या अध्यायात. कोकणीत त्या जागी ‘उगडास’ येतो: म्हज्या उगडासाक. मराठी ‘स्मरणार्थ’ची अडचण अशी की तो आता भांड्यांवरचा शब्द झाला आहे. देवळातला बाक, शाळेतलं पंखा-कपाट, स्टीलचा हंडा, सगळ्यांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ कोरलेलं असतं. माणूस गेला, वस्तू राहिली, एवढाच त्याचा अर्थ उरला.

बायबलातल्या त्या ‘स्मरणार्थ’मागचा मूळ ग्रीक शब्द ‘अनाम्नेसिस’, आणि त्यामागे हिब्रू ‘झिक्कारोन’; दोन्हींचा अर्थ स्मरण. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा, म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेच्या यहुदी सणाचा, विधी सांगितला आहे. एक वर्षाचं, निर्दोष कोकरू महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडायचं, चौदाव्याच्या संध्याकाळी कापायचं, त्याचं हाड मोडायचं नाही, बेखमीर (न आंबवलेल्या) भाकरीबरोबर खायचं, आणि हा दिवस तुम्हाला झिक्कारोन असावा. यहुदी परंपरा पुढे असं सांगते की प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असं समजावं. म्हणजे आठवण काढायची ती मागे वळून पाहण्यासाठी नव्हे, त्या घटनेत आज उभं राहण्यासाठी. मराठीत या अर्थाचा शब्द नाही असं म्हणायचं कारण नाही. ‘नामस्मरण’मधलं स्मरण हेच काम करतं. नामस्मरण करणारा दूरच्या, गेलेल्या कुणाची आठवण काढत नसतो. तेव्हा ‘स्मरण’ खुशाल वापरा, ‘स्मरणार्थ’ जपून.

स्मरण आणि बलिदान यांची गाठ कुठे पडते ते मिस्सात एका वाक्यात दिसतं. भाकर आणि द्राक्षारस यांच्यावर येशूचे शब्द उच्चारून झाले की लगेच पुढची प्रार्थना येते. रोमन विधीच्या जुन्या लॅटिन पाठात तिची सुरुवात ‘उंदे एत मेमोरेस’ अशी आहे आणि तिचं क्रियापद आहे ‘ऑफेरिमुस’. मेमोरेस म्हणजे स्मरण करणारे, ऑफेरिमुस म्हणजे आम्ही अर्पण करतो. ‘स्मरण करत आम्ही अर्पितो’, असं एकच वाक्य, एकच कर्ता. मराठीत याची दोन वाक्यं केली, ‘आम्ही स्मरण करतो. आम्ही अर्पण करतो’, की व्याकरण चुकत नाही पण गाठ सुटते. ‘करून’ किंवा ‘करत’ हे धातुसाधित इथे फार कामाचं आहे.

त्याच प्रार्थनामालेत आणखी एक स्मरण आहे, आणि तिथे स्मरण करणारा देव आहे. ‘मेमेंतो, दोमिने’, प्रभू, तू आठव. जिवंतांसाठी ते आधी येतं आणि मृतांसाठी नंतर: जे श्रद्धेची खूण घेऊन आमच्या पुढे गेले आणि शांतीच्या निद्रेत आहेत त्यांना आठव. सूचनेतल्या माणसाची जागा ही. त्याची आठवण आपण काढतो त्यापेक्षा देवाला ती ठेवायला सांगतो. म्हणून ‘अमुक यांच्या स्मरणार्थ मिस्सा’ व्याकरणाने शुद्ध असलं तरी निम्मंच सांगतं. ‘अमुक यांच्या आत्म्यास चिरशांती लाभावी यासाठी मिस्सा’ हे पूर्ण होतं. कोकणीत मृतांसाठी ‘सासणाचो विसव’ मागतात. सासणाचो म्हणजे कायमचा, आणि विसव म्हणजे आपला विसावाच. लॅटिन ‘रेक्विएम एतेर्नाम’ला याहून जवळचा शब्द मराठी ‘चिरशांती’ही नाही. ‘चिरविसावा’ कुणी रूढ केला तर मला आवडेल.

आता दुसरा प्रश्न. बलिदान म्हटलं की आजच्या मराठी कानाला सीमेवरचा जवान नाहीतर देवीपुढचा बोकड आठवतो. पण संस्कृतात ‘बलि’ म्हणजे वाटा, नैवेद्य, राजाला द्यायचा कर. वैश्वदेवातला बलि आठवा, काकबळी आठवा. कावळ्यासाठी काढून ठेवलेल्या घासात कुणी मारलं जात नाही. लॅटिन ‘साक्रिफिसियुम’चा अर्थही अक्षरशः पवित्र करणं एवढाच, आणि हिब्रू ‘कोर्बान’ ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ जवळ येणं. मारणं हा या शब्दांचा गाभा नव्हे.

मिस्साबलिदानातलं बलिदान ख्रिस्ताचं, क्रुसावरचं. इथे बातम्यांत एक वाक्य हमखास चुकतं: ‘मिस्सात येशूचं पुन्हा बलिदान केलं जातं.’ ‘पुन्हा’ काढा. बायबलातलं ‘इब्री लोकांस पत्र’ ठासून सांगतं की ते अर्पण एकदाच झालं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १७ सप्टेंबर १५६२ च्या बैठकीत कॅथलिक बाजू मांडली तीही अशीच: बळी तोच, अर्पण करणाराही तोच, फक्त अर्पण करण्याची रीत निराळी. म्हणून ‘तेच बलिदान वेदीवर उपस्थित होतं’ असं लिहावं. प्रॉटेस्टंट मंडळींना मिस्साला बलिदान म्हणणंच मान्य नाही, ती ‘प्रभुभोजन’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच बातमीत एकमेकांच्या जागी घातले तर दोघेही नाराज होतील, आणि योग्य कारणाने.

वेदीवरच्या त्या पातळ पांढऱ्या चकतीला पोर्तुगीजमध्ये ‘ऑस्तिया’ म्हणतात, इंग्रजीत ‘होस्ट’. लॅटिन ‘होस्तिया’ म्हणजे बळी. या होस्टचं ‘यजमान’ करणारं भाषांतर यंत्राकडूनच होतं असं नाही, माणसंही करतात. ती चकती गव्हाचं पीठ आणि पाणी यांचीच, बेखमीर. गोव्यासारख्या भातखाऊ मुलखातही तांदळाच्या पिठाची चालत नाही. द्राक्षारसात पाण्याचे दोन-चार थेंब घालतात. चकतीला ‘प्रसाद’ म्हणू नये. प्रसाद येईल त्याच्या हातावर ठेवतात, हिचं तसं नाही. कोकणीत ती स्वीकारण्याला ‘कुमगार घेवप’ म्हणतात, मराठीत ‘कम्युनियन घेणं’ रुळलं आहे, ते ठेवा.

गंमत अशी की इतक्या जड विधीला नाव मिळालं ते निरोपावरून. शेवटी पुरोहित ‘इते, मिस्सा एस्त’ म्हणत असे, म्हणजे जा, निरोप दिला आहे. त्यातला मिस्सा सगळ्या विधीला चिकटला.

क्रियापदाचंही बघा. कोकणीत मीस ‘भेटयतात’ आणि ‘मिसाची भेट’ म्हणतात. ही भेट म्हणजे अर्पण. मराठीत ‘मिस्साला भेट दिली’ असं उतरवलं की मंत्र्याने प्रदर्शनाला भेट दिल्यासारखं होतं. मराठीत मिस्सा अर्पण करावा, लोकांनी त्यात सहभागी व्हावं. ‘मिस्सा विकत घेतला’, ‘मिस्साचे दर’ हे शब्दही नकोत. जे पैसे देतात ते दान, आणि त्यात व्यापाराचा वासही नसावा असा चर्चच्या कायद्याचा स्पष्ट नियम आहे. ज्या कारणासाठी मिस्सा सांगतात त्याला गोव्यात पोर्तुगीज वळणाचा ‘इंतेंसांव’ आहे, मराठीत ‘हेतू’ पुरतो. ओळीने तीस दिवस एकाच मृतासाठी होणारे ‘ग्रेगोरियन’ मिस्सा मात्र दिनदर्शिकेशी जोडू नका. ते सहाव्या शतकातल्या थोर पोप ग्रेगरीच्या नावाचे, दिनदर्शिका १५८२ सालच्या पोप तेराव्या ग्रेगरीची.

नावाआधीचं ‘कै.’ तर हटवाच. ख्रिस्ती माणसाला कैलासवासी करून आपण काय साधतो? ‘स्वर्गवासी’ही अडचणीचं. आत्मा स्वर्गात पोचला अशी खात्री असेल तर त्याच्या शांतीसाठी मिस्सा कशाला? ‘दिवंगत’ वाचकाच्या सवयीचा आहे, ‘ख्रिस्तवासी’ अधिक नेमका.

‘हुतात्मा’ हा शब्दही जपून. आहुती दिलेला आत्मा हा त्याचा अर्थ, तर ‘मार्टिर’च्या मुळाशी असलेला ग्रीक शब्द साक्षीदार असा. मराठी ख्रिस्ती लेखनात म्हणूनच ‘रक्तसाक्षी’ आहे. गोव्यातल्या कुंकळ्ळीबद्दल लिहिताना हा फरक उपयोगी पडतो. जुलै १५८३ मध्ये तिथे मारले गेलेले पाच जेझुइट मिशनरी चर्चच्या भाषेत रक्तसाक्षी, आणि त्यानंतर पोर्तुगिजांनी ठार केलेले कुंकळ्ळीचे गावकर गोव्याच्या भाषेत हुतात्मे. एकच शब्द दोघांना लावला की वाक्य कुणाच्या बाजूने बोलतंय ते कळेनासं होतं.

तारखांचं थोडक्यात. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस, त्या दिवशी एका धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करता येतात, ही मुभा १९१५ ची. गुड फ्रायडेला मात्र मिस्सा होतच नाही. कम्युनियन आदल्या दिवशी पवित्र केलेल्या भाकरीचं देतात. ‘गुड फ्रायडेनिमित्त चर्चमध्ये मिस्सा’ ही बातमी त्यामुळे मुळातच चूक. त्या दिवशी असते ती उपासना.

सूचना अशी करता येईल: ‘आमचे प्रिय दिवंगत (नाव) यांच्या आत्म्यास चिरशांती लाभावी यासाठी महिन्याचा पवित्र मिस्सा गुरुवार, दि. (तारीख) रोजी सायंकाळी (वेळ) वाजता (चर्च, गाव) येथे अर्पण करण्यात येईल. आप्तेष्टांनी व मित्रपरिवाराने सहभागी व्हावे, ही विनंती.’ जाहिरातीत ओळ कमी करायची वेळ आली तर ‘पवित्र’ आणि ‘प्रिय’ कापा, ‘यासाठी’ राहू द्या.