महागडा घडीचा चाकू घ्यावा का?

प्रश्न: १५-२० हजारांचा घडीचा चाकू खरंच तेवढ्या मोलाचा असतो का? मला फळं, दोरी आणि खोकीच कापायची असतात. – एक वाचक, दादर

उत्तर: एवढ्या कामासाठी नाही. जास्तीचे पैसे जातात ते एस३५व्हीएनसारख्या भारी प्रतीच्या पोलादात, टायटॅनियमच्या मुठीत आणि पातं जराही न हलू देणाऱ्या लॉकमध्ये. धार खूप टिकते, पण गेली की साध्या दगडावर लवकर येत नाही. हिऱ्याची भुकटी बसवलेली धारपट्टी बरी पडते. धारवाल्याच्या चाकावर मुळीच देऊ नका, कड तापून पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत डी-२ पोलाद टाळा, ते पूर्ण स्टेनलेस नसतं, त्यावर गंजाचे डाग पडतात. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा साधा चाकू तुम्हाला पुरेल. लिंबू-कैरी कापल्यावर धुऊन कोरडा करा, पावसाळ्यात सांध्यात खनिज तेलाचा एकच थेंब सोडा.