चीन आणि दक्षिण कोरियाचा एवढा मोठा धंदा चालतो, मग त्यांचं बिनसलं कशावरून?

मेन कारण थाड, म्हणजे अमेरिकेची मिसाईल पाडणारी सिस्टीम. 1992 ला दोघांचे राजनैतिक संबंध सुरू झाले (त्यासाठी कोरियाने तैवानशी संबंध तोडले), मग धंदा असा वाढला की चीन कोरियाचा सगळ्यात मोठा ट्रेड पार्टनर झाला, 2015 च्या शेवटी फ्री ट्रेड करार पण लागू झाला. आणि 2016 मध्ये कोरियाने उत्तर कोरियाच्या भीतीने ही थाड बसवायचं ठरवलं. चीन म्हणे हिच्या रडारने आमच्या घरात डोकावता येतं.

गंमत म्हणजे मार खाल्ला कोरियाच्या लोट्टे कंपनीने. थाडसाठी कोरियातल्या सोंगजूचं गोल्फ कोर्स त्यांनी दिलं होतं ना, मग चीनमधल्या त्यांच्या बहुतेक सुपरमार्केटना फायर सेफ्टीची कारणं काढून टाळं ठोकलं, चीनमधून कोरियाला जाणाऱ्या ग्रुप टूर बंद, 2017 ला चिनी टुरिस्ट जवळपास निम्म्यावर आले. अधिकृत बंदी मात्र कुठेच नाही हां, कागदावर सगळं आलबेल! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समेट झाला, पण लोट्टेने 2018 मध्ये तिथली सुपरमार्केटं विकून टाकली. कोरियाच्या कॉम्प्युटर चिप्सना मात्र कोणी हात लावला नाही, कारण त्या चीनलाच हव्या होत्या.