बाग विकण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

वैमानिक होण्यासाठी देवगडची बाग काढायची, असं घरात चाललंय म्हणे. बाबांना आधी थांबव.

पहिली पायरी मेडिकलची, म्हणजे वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीची: आधी प्राथमिक क्लास टू, मग व्यावसायिक वैमानिकाला लागणारी क्लास वन. क्लास वन हातात येईपर्यंत फ्लाइंग स्कूलला रुपया देऊ नकोस. डोळ्यांत किंवा ईसीजीत काही निघालं, तर नुकसान हजारांतच राहील. मग डीजीसीएचे, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी विमान वाहतूक खात्याचे पेपर. प्रत्येकात 70 टक्के लागतात, पण घरी अभ्यास करून, आंबे उतरवता उतरवताही ते सुटतात.

खरा पैसा जातो परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांच्या उड्डाणांत. त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेणारी वैमानिक म्हणून, शिवाय 300 नॉटिकल मैलांचा एक लांबचा फेरा. 50 लाख धरून चाल, पण एकरकमी भरू नकोस. पावसाळ्यात ढग खाली येतात, विमान दुरुस्तीला जातं, इन्स्ट्रक्टर सोडून जातो. वर्षाची दोन होतात. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते, न उडालेल्यांचा परतावा, हे करारात लिहून घे.

बागेवर कर्ज मिळेल या भरवशावरही राहू नका. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून बँका ती तारण घ्यायला कां-कूं करतात. त्यात आपला सातबारा! मुंबईच्या चुलत्यांपासून आत्यांपर्यंत सगळ्यांच्या सह्या. 50 लाखांना 11 टक्क्यांनी 10 वर्षांचा हप्ता सुमारे 69 हजार बसतो; शिकताना चढलेलं व्याज वेगळं. नोकरी वर्षभर लांबली तर तो कोण भरणार? त्या काळात मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची पात्रता) चालू ठेवावं लागतं.

परवाना तुझा, तो कुठल्याही कंपनीत चालतो. त्याचा भार तू घ्यावास हे मला पटतं. टाइप रेटिंगचं, म्हणजे एका ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या पात्रतेचं तसं नाही. ते कंपनीच्या विमानासाठी, तेव्हा पैसे कंपनीने द्यावेत आणि बदल्यात बाँड घ्यावा, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडलीस तर पैसे भरण्याचा करार. आपल्याकडे ते बऱ्याचदा उमेदवाराच्याच गळ्यात पडतं. तरी नेमणुकीच्या पत्राआधी करू नकोस: एअरबस ए320 करून बसलीस आणि जागा निघाल्या बोइंग 737 च्या, तर लाखो रुपये पाण्यात.

बाँडमध्ये दोन कलमं बघ: रक्कम महिन्यागणिक घटते का, आणि कंपनीनेच काढलं तरी वसुली होते का. जामीन म्हणून बाबांची सही मागतील, तेव्हा दोघं मिळून वाचा.