साडेतीननंतरही मनात चालू राहणारा बाजार

प्रश्न : माझे वय ४१ असून शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे मशीन शॉप आहे. दोन वर्षांपूर्वी निफ्टीच्या ऑप्शनमध्ये, म्हणजे निर्देशांक वर जाईल की खाली यावरच्या मुदतीच्या करारांत, व्यवहार सुरू केले. पहिले काही महिने बरे गेले, पुढे मात्र सुमारे तीन लाख रुपये गेले आणि ते भरून काढण्यासाठी मी धंद्याच्या कॅश क्रेडिट खात्यातून आणखी रक्कम उचलली. पत्नीला यातले काही ठाऊक नाही. आता सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की छातीत धडधड सुरू होते, लेथ चालू असतानाही मोबाइल हातातून सुटत नाही, ठरवलेल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारा, आधी लावलेला स्टॉपलॉस मी स्वतःच काढून टाकतो आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे कराराची मुदत संपण्याच्या, आदल्या रात्री झोप लागत नाही. मन शांत ठेवून व्यवहार करण्यासाठी प्राणायाम किंवा एखादी सवय सुचवावी.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर्वांत आधी लेथविषयी. फिरत्या चकासमोर उभे राहून भाव पाहणे आजपासून थांबवा आणि मशीन चालू असताना मोबाइल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, कारण गेलेले पैसे कधीतरी परत मिळवता येतील, बोटे मिळवता येणार नाहीत.

प्राणायाम अवश्य करावा, मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आपल्याला होणारी धडधड ही शरीराने दिलेली रास्त सूचना आहे, असे मी मानतो. जी रक्कम गमावणे परवडणार नाही ती पणाला लागली आहे आणि ती गोष्ट घरात लपवावी लागत आहे. कॅश क्रेडिट हे कच्च्या मालासाठी आणि कामगारांच्या पगारासाठी मिळालेले खेळते भांडवल असून त्यावर दररोज व्याज चढते. दुसरीकडे, ऑप्शन विकत घेणाऱ्याचा प्रीमियम, म्हणजे त्यासाठी मोजलेली किंमत, एक्स्पायरी जवळ येईल तसा, भाव जागचा हलला नाही तरी, झिजत जातो. व्याज वाढते आहे आणि प्रीमियम घटतो आहे, अशा दुहेरी घाईत बसलेल्या माणसाला प्रत्येक सौदा जिंकलाच पाहिजे असे वाटू लागते, आणि तसे वाटू लागल्यावर स्टॉपलॉस जागेवर राहत नाही. म्हणून बाजारात शिल्लक असलेली रक्कम काढून प्रथम त्या खात्यात भरावी आणि उसन्या पैशाने पुन्हा सौदा करू नये. याबाबत मी कोणतीही सवलत सुचवणार नाही.

आपल्याला या नुकसानीची लाज वाटत असावी, असे पत्रावरून जाणवते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि तो खर्च धरून सरासरी सुमारे दोन लाख रुपयांचा होता. २०२४-२५ मध्येही हे प्रमाण ९१ टक्के होते. हे आकडे पत्नीला दाखवा आणि त्यांच्यासोबत आपला खरा आकडा सांगा. रंकाळ्यावर फिरताना सांगितलेत तरी चालेल, पण या आठवड्यातच सांगा. त्या रागावतील, कदाचित काही दिवस बोलणारही नाहीत. तरीही लपवण्याचा जो रोजचा भार आहे तो उतरल्याशिवाय झोप परत येईल असे मला वाटत नाही.

स्टॉपलॉस का निघतो, याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात सापडते. हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार रुपये गेल्याचे दुःख मनाला अंदाजे दुपटीने लागते. तोटा कागदावर आहे तोवर तो झालाच नाही अशी आशा धरता येते, आणि ती आशा टिकवण्यासाठी हात स्टॉपलॉसकडे जातो. ऐन बाजारात या ओढीशी झगडण्यापेक्षा निर्णय बाजार उघडण्यापूर्वी घेतलेला बरा. कुठे शिरायचे, कुठे बाहेर पडायचे आणि किती रुपये जाऊ द्यायचे हे वहीत आपल्या अक्षरात लिहावे, सौद्याबरोबरच स्टॉपलॉसची ऑर्डर टाकावी आणि तीन लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात तीन हजारांहून अधिक जाऊ देऊ नयेत. एका लॉटमध्येच, म्हणजे सौद्याच्या किमान ठरीव संचातच, त्याहून अधिक जाण्याची शक्यता असेल, तर तो सौदा त्या भांडवलासाठी मोठा आहे. ४ जून २०२४ रोजी, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के कोसळला. आदल्याच दिवशी तो तीन टक्क्यांहून अधिक चढला होता. अशा दिवशी माणसाला सावरतो तो सौद्याचा लहान आकार.

लागोपाठ दोन सौदे तोट्यात गेले की त्या दिवशीचे काम संपवावे. वसुलीच्या रागातून केलेला तिसरा सौदा बहुधा सर्वांत मोठा असतो. काही ब्रोकरांच्या ॲपमध्ये काही तासांसाठी व्यवहार बंद ठेवणारा ‘किल स्विच’ असतो, तो वापरावा. माझे स्वतःचे मत विचाराल, तर निदान कॅश क्रेडिट फिटेपर्यंत ब्रोकरला कळवून आपल्या खात्यातला फ्युचर्स-ऑप्शनचा विभागच (सेगमेंट) बंद करून घ्यावा.

धडधडीसाठी एकदा डॉक्टरांना दाखवा. ती केवळ काळजीचीच आहे असे घरबसल्या ठरवू नका. मन फार खचले, तर १४४१६ या टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीत बोलता येते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून राजारामपुरीत राहते. मी रोजचे सौदे करत नाही, केवळ काही चांगले शेअर आणि म्युच्युअल फंड बाळगून आहे. तरीही दिवसातून वीस वेळा ॲप उघडते आणि लाल आकडे दिसले की जेवण जात नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाई, आपले दुखणे त्या वीस वेळांमध्ये आहे. कोणताही शेअर तासातासाला पाहिला तर तो जवळपास निम्म्या वेळा खाली दिसणारच, आणि खाली दिसण्याचे दुःख दुपटीने लागत असल्यामुळे दिवसाची बेरीज दुःखाचीच होते. तोच शेअर वर्षातून काही वेळाच पाहिला, तर लाल आकडा त्यामानाने कमी वेळा दिसतो. वारंवार पाहणे पुढे वारंवार विकण्याकडेही नेते. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी १९९१ ते १९९६ या काळातील अमेरिकी कुटुंबांच्या खात्यांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के परतावा मिळाला होता, तर बाजाराने १७.९ टक्के दिला होता. ॲपच्या सूचना बंद कराव्यात, घरखर्चाची दोन वर्षांची रक्कम बँकेतील ठेवीत वेगळी ठेवावी आणि महिन्यातून एकदाच, तेही रविवारी, हिशेब पाहावा. त्या दिवशी बाजार बंद असल्याने घाईत काही विकताही येणार नाही.