उबुंटूवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) टाकलं, पण यादीत वायफाय कार्डच येत नाही. सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या अधिकाराने, चालवू का?

नका चालवू. सुडोने कार्ड लगेच दिसेल, तरीही नको.

यादीत 'सिस्को रिमोट कॅप्चर', 'रँडम पॅकेट जनरेटर' एवढंच येत असेल, तर इन्स्टॉलेशन ठीक आहे, परवानगी तेवढी राहिलीये. वायरशार्क टाकताना टर्मिनलमध्ये एक चौकट येते: रूट नसलेल्या युजरना पॅकेट पकडू द्यायची का? तिथे आधीपासून 'नो' निवडलेलं असतं आणि घाईत आपण एंटर दाबून मोकळे होतो. तोच प्रश्न परत आणायला 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर वायरशार्क-कॉमन' ही कमांड द्या आणि 'येस' करा.

मग स्वतःला वायरशार्क ग्रुपमध्ये घाला: 'सुडो ॲडयूजर', पुढे तुमचं युजरनेम, पुढे 'वायरशार्क'. नेटवर बहुतेक ठिकाणी यासाठी यूजरमॉड सांगतात. तेही चालतं, पण त्याच्या '-aG' या पर्यायात मोठ्या जीच्या आधीचा छोटा ए राहिला तर बाकीच्या जादा ग्रुपांमधून तुमचं नाव उडतं, त्यात सुडोही आलं. मग रिकव्हरी मोडमध्ये जाऊन निस्तरत बसा. ग्रुप बदलल्यावर मशीन रीस्टार्ट करा. नुसतं लॉगआउट कधीकधी पुरत नाही.

आता सुडो का नको ते. पॅकेट पकडायचं काम वायरशार्क स्वतः करतच नाही. डंपकॅप नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. 'येस' म्हटल्यावर जादा अधिकार फक्त त्याला मिळतात. वायरशार्कचं काम त्या पॅकेटचा अर्थ लावायचं. शेकडो प्रोटोकॉल वाचणारा तो प्रचंड कोड आहे आणि त्यात सुरक्षेच्या चुका सतत सापडत असतात. बाहेरून कोणीही पाठवलेले बाइट्स असा कोड रूट म्हणून वाचत बसला, तर एका वाकड्या पॅकेटने अख्खं मशीन हातचं जाऊ शकतं.

सुरू झालं की कॅप्चर फिल्टरमध्ये 'पोर्ट 53' (डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेचा पोर्ट) टाका, इंटरफेस 'एनी' निवडा आणि दुसऱ्या टर्मिनलमधून एखाद्या साइटला पिंग करा. नाव विचारणारं पॅकेट दोनदा दिसेल: आधी 127.0.0.53 कडे, म्हणजे तुमच्याच मशीनमधल्या रिझॉल्व्हरकडे, आणि मग तिथून बाहेर राउटरकडे. दुसरं दिसलं नाही तर उत्तर कॅशमधून आलं. साइट बदलून बघा. डीएनएस कळायला मला यापेक्षा चांगला धडा माहीत नाही.

वायफायवर फक्त तुमच्याच मशीनची ये-जा दिसेल, शिवाय ब्रॉडकास्ट वगैरे. ते बरोबरच आहे. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय हे अजिबात करू नका.

पुढे स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर गरज पडली तर टीसीपीडंप या कमांडने पॅकेट फाइलमध्ये पकडा आणि ती फाइल घरी वायरशार्कमध्ये उघडा. एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय, तिचा पोर्ट 22) आत गेला असाल तर फिल्टरमध्ये 'नॉट पोर्ट 22' घाला, नाहीतर फाइल तुमच्याच सेशनच्या पॅकेटांनी भरेल.