आधी बाटली रिकामी होऊ दे

ताई,
माझा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. मी लातूरला एका पतसंस्थेत काम करते. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा तो पाळणाघरात असतो. तिथल्या मॅडमनी सांगितलंय, जूनपासून मोठ्या गटात घ्यायचं तर डायपर सुटलेलं पाहिजे. म्हणून पाडव्यापासून डायपर बंद केलं. घरी कधी कधी सांगतो, पण पाळणाघरातल्या संडासात पाऊल टाकत नाही. शू चड्डीतच. शी तर तिथं करतच नाही. घरी आल्यावर पलंगाच्या आड जाऊन पाय आवळून उभा राहतो, तोंड लाल होतं, तरी होत नाही. तीन-तीन, चार-चार दिवस जातात. चड्डीला मात्र रोज थोडं थोडं लागलेलं असतं. पाळणाघरातल्या मावशी म्हणतात, मुद्दाम करतो, हट्टी आहे. सासूबाई म्हणतात, आमची लेकरं वर्षाच्या आत सांगायची, याला कामून कळत नाही? त्या कधी कधी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावतात, मग होते. मिस्टर म्हणतात, डायपरवर किती पैसे घालायचे. पाणीही तिकडं फारसं पीत नाही, दिलेली बाटली तशीच परत येते, त्यामुळे हल्ली चड्ड्या तरी कमी खराब होतात. बक्षीस देऊन झालं, रागावून झालं, एकदा हातही उचलला. जून तोंडावर आलाय. काय करू?
– एक आई, लातूर

मला ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, आणि त्याच हक्कानं थोडी चिडतेही.

तुझ्या पत्रात मॅडम आहेत, मावशी आहेत, सासूबाई आहेत, नवरा आहे, जून महिना आहे. एवढ्या गर्दीत ती पाण्याची बाटली तू जाता जाता लिहून मोकळी झालीस. वर समाधान कसलं, तर चड्ड्या कमी खराब होतात. अगं, लातूरचा मे महिना आहे. पारा चाळिशीच्या वर. दिवसभर पोरांत पळणारं लेकरू साडेनऊला भरून दिलेली बाटली सहा वाजता तशीच परत आणतंय, आणि तुला त्यात धुणं वाचल्याचं दिसलं?

अडीच वर्षांचं पोर तहान लागलेली असताना उगाच पाणी टाळत नाही. तुझ्या मुलानं महिन्याभरात एवढं ताडलेलं दिसतंय की पाणी प्यालं की शू येते, शू आली की चड्डी ओली होते, आणि चड्डी ओली झाली की मोठ्या माणसांची तोंडं वाकडी होतात. संडासात जायची त्याला भीती वाटते, चड्डीत केली तर बोलणी बसतात. मग त्याच्या हातात राहिलं काय? न पिणं. तेवढं एक त्याला जमतं, ते तो चोख करतोय. हट्टी म्हणे!

आता मावशी. एका बाईच्या अंगावर दहा-बारा लेकरं असतील, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, ड्रममधलं पाणी पुरवून वापरायचं. कमी शू करणारं पोर त्यांना गुणीच वाटणार. बाटली भरलेली राहिली म्हणून त्या कधीच तुझ्याकडे तक्रार करणार नाहीत. ती तक्रार करणारं माणूस एकच होतं, आणि ते चड्ड्या मोजत बसलं. आपल्याकडं पाणी वाचवायला कुणाला शिकवावं लागत नाही. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस बघितलेली माणसं तांब्यातलं उरलेलं पाणीसुद्धा कुंडीत ओततात. वाचव की, पण सांडपाण्यात वाचव, भांड्यांत वाचव. लेकराच्या घोटात नाही.

त्या बाटलीचा आणि शीचा संबंध तुझ्या लक्षात आलेला नाही. पाणी कमी पडलं की शरीर ते मिळेल तिथून ओढून घेतं, आतड्यात उतरलेल्या शीतूनही. शी कडक होते. एखाद्या दिवशी ती बाहेर येताना चीर पडते, आग होते. मोठं माणूस दुसऱ्या दिवशी इसबगोल घेतं. लेकरू मात्र ठरवून टाकतं की पुन्हा ही गोष्ट होऊच द्यायची नाही. जितकी धरून ठेवेल तितकी आत आणखी वाळते, पुढच्या वेळी आणखी दुखते, आणि त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं ठरतं.

पलंगाच्या आड उभा राहतो ना? नीट बघ एकदा. पाय एकमेकांवर घट्ट, टाचा वर, ढुंगण आवळलेलं, अंग ताठ, कपाळावर घाम. तुला वाटतं तो जोर लावतोय. तो जोर लावतोय खरा, पण शी बाहेर येऊ नये म्हणून. तू जवळ गेलीस आणि ‘कर बाळा कर’ म्हणालीस की तो आणखी आवळतो, कारण जे होऊ नये म्हणून धडपडतोय तेच तू करायला सांगतेस.

चड्डीला रोज लागतं त्यात त्याचा काडीचा दोष नाही. पाइपात बोळा अडकला तरी बाजूनं पाणी झिरपतंच, तशी कडक गोळ्याच्या कडेनं पातळ शी उतरते. आतली जागा ताणून बधिर झालेली असते, त्यामुळे त्याला ते कळतही नाही. ‘मुद्दाम करतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांग, अगदी याच शब्दांत. आणि आतडं असं भरून राहिलं की ते मूत्राशयाला दाबतं, म्हणून शूही धड थांबत नाही. म्हणजे ज्या ओल्या चड्डीसाठी हा सगळा खटाटोप चाललाय ती याच कोंडीतून येत असणार.

देठ आजपासून बंद. साबणाची कांडी, एरंडेल, जे काय घरात चालत असेल ते सगळं बंद. देठानं शी होते, हो, होते. पण दोघींनी धरून ठेवलेल्या लेकराला त्याच जागेची आणखी धास्ती बसते, जिची त्याला आधीच बसलेली आहे. एकदा झालेल्या शीच्या बदल्यात पुढचे चार दिवस जातात.

सासूबाईंच्या ‘वर्षाच्या आत’ला मात्र मी हसून सोडून देणार नाही, कारण त्यात अर्धं खरं आहे. आपल्या आज्या पाय पसरून बसायच्या, लेकराला दोन्ही पावलांवर बसवायच्या, तोंडानं ‘शूऽऽ’ करायच्या. लेकराचे गुडघे वर, पाठीला आजीच्या नडग्यांचा टेका, समोर अंगण. जागा बरोबर, बसणं बरोबर, वेळही बरोबर, कारण खाणं झालं की आतडं हलायला लागतं आणि आज्यांनी ते पुस्तक न वाचता हेरलेलं होतं. पण त्यात शिकलेली होती ती आजी. लेकराची वेळ तिला पाठ होती, ते तोंडानं सांगत नव्हतं. अन् दिवसभर ती त्याच्या मागे असायची. पाळणाघरात कोण कुणाच्या पावलांवर बसणार आहे? तिथं मोठ्यांचं भांडं, पाय ठेवायच्या जागा एवढ्या लांब की लेकराला तंगड्या फाकवून उभं राहावं लागतं, खाली काळं भोक, ओली फरशी आणि कोपऱ्यात बादली. मी ते पाळणाघर पाहिलेलं नाही. तूही तिथला संडास पाहिल्याचं पत्रात कुठं लिहिलेलं नाहीस.

तर ऐक. उद्या सकाळी त्याला डायपर घाल आणि पाठव.

हो, तेच, जे सोडवायला तू मला पत्र लिहिलंस. शिकवणं सगळं थांबव. पॉटी नाही, बक्षिसाची चॉकलेटं नाहीत, ‘तो बघ शेजारचा दादा कसा सांगतो’ नाही. घालताना त्याच्याकडं बघून सांग, ‘डायपर घातलंय, आता पाणी पी, यात शू झाली तरी चालते, शी झाली तरी चालते, कुणी रागवणार नाही.’ रोज सांग. त्याला पहिल्यांदा खरं वाटणार नाही, कारण गेला महिनाभर उलटंच चाललं होतं.

बाटली संध्याकाळी रिकामी आली पाहिजे. ओतून रिकामी केलेली नव्हे, पिऊन. या वयाला दिवसभरात साधारण एक ते सव्वा लिटर तरी पोटात जायला हवं, त्यात दूध, ताक, वरणाचं पाणी सगळं धरून, आणि आपल्या उन्हात त्याहून जास्तच लागतं. दूध मात्र अर्ध्या लिटरच्या आत ठेव; दुधानं पोट भरलेली पोरं भाजी-भाकरी खात नाहीत आणि मग शी पुन्हा दगड. डब्यात कलिंगडाच्या फोडी दे, पपई दे, ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून दे. शूचा रंग बघत जा. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, दुसरा अर्थ लावत बसू नकोस.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे ने. बाटलीपासून देठापर्यंत सगळं सांग, सासूबाईंची लाज धरून लपवू नकोस. ते बहुतेक शी मऊ करणारं औषध देतील, आणि इथंच घरोघरी घोळ होतो. चार दिवसांत शी साफ व्हायला लागते, घरचे म्हणतात ‘सवय लागेल’, औषध बंद, पंधरा दिवसांत पुन्हा पलंगाची आड. ताणलेलं आतडं मूळ जागेवर यायला वेळ लागतो. हे औषध निदान दोन महिने तरी चालतं, कधी त्याहून जास्त. डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत थांबवायचं नाही. आणि सात-आठ तास शूच झाली नाही, पोट टम्म फुगलं, उलट्या झाल्या किंवा शीत रक्त दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ.

डॉक्टरांकडे नवऱ्याला घेऊन जा. तुझ्या अख्ख्या पत्रात तो एकदाच बोलतो, तेही डायपरच्या पैशांवर. त्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

हात उचललास हे लिहिलंस, त्याबद्दल जास्त बोलत नाही. पुन्हा उचलायचा नाही.

जूनचं म्हणशील, तर आपल्या गावाचं कौतुक करावं तेवढं थोडं. दहावी-बारावीचा लातूर पॅटर्न आता चड्डीपर्यंत उतरला म्हणायचा! दोन वर्षं आठ महिन्यांच्या मुलाचं डायपर सुटलेलं नाही यात काहीही मागं पडलेलं नाही. दिवसाचं डायपर बहुतेक मुलांचं दोन ते चार वर्षांच्या मध्ये कधीतरी सुटतं, रात्री तर पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार धरत नाहीत. तुझ्या मुलाला घरी कळतं, तू स्वतःच लिहिलंयस. म्हणजे समज आलेली आहे, अडलंय ते दुखण्यानं आणि धाकानं. काही आठवडे शी रोज, मऊ, न रडता व्हायला लागली की तोच कधीतरी सांगायला येईल. तेव्हा घरी रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटं बसव, पायाखाली पाट दे, आणि हे काम सासूबाईंकडे सोपव. त्यांना ते तुझ्यापेक्षा चांगलं येतं. देठ तेवढा लपवून ठेव.

तुमच्या पतसंस्थेत 50 माणसं असती तर मातृत्व लाभाविषयीच्या कायद्याप्रमाणं पाळणाघराची सोय त्यांनाच करावी लागली असती आणि दिवसातून चार वेळा लेकराकडं जायची मुभा तुला मिळाली असती. नसतील बहुतेक 50. तरी या आठवड्यात एकदा जेवणाच्या सुट्टीत पाळणाघरात जा. रिक्षानं जा, डबा नंतर खा. तो कुठं बसलाय, बाटली त्याच्या हाताला लागते की उंच फळीवर ठेवलीय, संडासात उजेड आहे का, शू झालेल्या पोराला कुणी ‘शेम शेम’ करतं का, हे स्वतः बघ. मावशींशी तिथंच बोल, मॅडमच्या केबिनमध्ये नाही. म्हण, ‘मावशी, दर तासाला त्याच्या हातात बाटली द्या. डायपर कितीही भरू द्या, जास्तीची चार पिशवीत आहेत, तुम्हाला धुणं नाही.’ धुणं नाही म्हटल्यावर मावशी ऐकतील.

मॅडमना सांग, डॉक्टरांनी दोन-तीन महिने डायपर सुरू ठेवायला सांगितलंय. डॉक्टर सांगतीलच, तू विचारल्यावर. त्यावर त्या म्हणाल्या की मग मोठ्या गटात घेणार नाही, तर घेऊ नका म्हण, लहान गटातच राहू दे. आणि लहान गटातही डायपर चालणार नाही म्हणाल्या, तर जूनची फी भरू नकोस. दुसरं पाळणाघर शोधायला मे महिन्यातले दिवस आहेत अजून.